जास्त शिजलेले बटाटे आणि तेरा परीक्षक

२०२४च्या सप्टेंबरात फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून किरण राव यांचा 'लापता लेडीज' निवडला. निवड समितीत तेरा जण होते आणि तेराही पुरुष. निवडीसोबत जे निवेदन प्रसिद्ध झालं, त्याची सुरुवातच अशी होती की भारतीय स्त्रिया म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं एक अजब मिश्रण असतं. समाजमाध्यमांवर या वाक्याची यथेच्छ टिंगल झाली आणि विषय मागे पडला.

तो इतक्या लवकर मागे पडायला नको होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ने कान महोत्सवात ग्राँ प्री पटकावलं होतं. तीस वर्षांनी एखादा भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत पोचला होता. हा चित्रपट का वगळला, यावर फेडरेशनच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं की, भारतात घडणारा एखादा युरोपीय चित्रपट बघतोय असं समितीला वाटलं.

'लापता लेडीज' निवडला याबद्दल तक्रार करायचं काही कारण नाही. तोही एका बाईनेच केलेला, बायकांबद्दलचा आणि प्रेक्षकांनी उचलून धरलेला चित्रपट आहे. पुढे तो ऑस्करच्या छाननी यादीत आला नाही. ब्रिटनने पाठवलेला संध्या सुरी यांचा 'संतोष' मात्र आला. उत्तर भारतातल्या एका विधवा कॉन्स्टेबलची गोष्ट सांगणारा हा चित्रपट सेन्सॉर मंडळाने सुचवलेल्या कात्रीपायी भारतात थिएटरात लागूच शकला नाही. पण तो वेगळा विषय. इथे प्रश्न 'युरोपीय' या शेऱ्याचा आहे.

कपाडियांच्या चित्रपटात पार्वती नावाची बाई आहे. छाया कदम यांनी ती केली आहे. मुंबईतल्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ती काम करते, नवरा गेलेला आहे, ज्या खोलीत इतकी वर्षं संसार केला तिचा एकही कागद तिच्या हातात नाही आणि बिल्डर तिला बाहेर काढायला टपला आहे. शेवटी ती गाशा गुंडाळून रत्नागिरीकडच्या गावी परत जाते. लालबाग-परळमध्ये ज्याचा एखादा नातेवाईक राहिला आहे, त्याला ही बाई युरोपीय वाटणं अवघड आहे. खोली नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, भाडेपावती कुठल्याशा ट्रंकेत, आणि घरातला पुरुष गेल्यावर बाईला कळतं की आपण इथे राहत होतो याला पुरावाच नाही. गिरणगावातल्या कितीतरी घरांची ही गोष्ट आहे. बिल्डरच्या चकचकीत जाहिरात-फलकावर पार्वती आणि तिची हॉस्पिटलमधली मैत्रीण प्रभा रात्री दगड मारतात, त्या प्रसंगाला ज्या थिएटरात टाळ्या पडल्या असतील, तिथे तो कुणालाही परदेशी वाटलेला नसणार.

समितीत एखादी बाई असती तर निकाल बदलला असता का? कदाचित नसता. पण ते वाक्य तरी तसं छापलं गेलं नसतं. बायकांच्या जगण्यावरचे चित्रपट बायकांनी तपासले की नेमकं काय घडतं, या प्रश्नाचं उत्तर इथूनच शोधायला सुरुवात करता येते.

या प्रश्नावर साधारणपणे जे उत्तर दिलं जातं ते गुळगुळीत आहे. बाईचं मन बाईलाच कळतं, बाई जास्त संवेदनशील असते, वगैरे. असल्या बोलण्याने स्त्री समीक्षकांचं नुकसानच होतं, कारण मग त्यांच्याकडून समीक्षेऐवजी मायेची अपेक्षा केली जाते. खरी गोष्ट बरीच रुक्ष आहे आणि ती माहितीशी निगडित आहे. पडद्यावर जे काम चाललं आहे, ते ज्याने रोज केलंय त्याला त्यातलं खरं-खोटं चटकन कळतं.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या १९७५ सालच्या 'जान दिल्मान' या चित्रपटाचं आहे. चित्रपट तीन तास एकवीस मिनिटांचा. एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा, ब्रुसेल्समधला फ्लॅट आणि तिच्या आयुष्यातले तीन दिवस. ती बटाटे सोलते, कॉफी करते, पलंग आवरते, दुपारी पैशासाठी घरी एक गिऱ्हाईक घेते आणि परत स्वयंपाकाला लागते. कॅमेरा हलत नाही, कामाची कापाकापी होत नाही, ज्या कामाला जितका वेळ लागतो जवळपास तितका वेळ ते दिसतं. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. झालं, इतकंच. पण ज्याने रोज घड्याळाच्या काट्यावर चार माणसांचं जेवण रांधलं आहे, त्याच्या पोटात तिथे गोळा येतो. या बाईचे बटाटे जास्त शिजूच शकत नाहीत. काहीतरी भयंकर बिनसलं आहे. ज्याच्या ताटात आयुष्यभर तयार भाजी येत गेली, त्याच्या लेखी अजून काहीच घडलेलं नसतं. तो घड्याळाकडे बघत असतो.

ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी जगभरातल्या समीक्षकांकडून आजवरच्या सर्वोत्तम चित्रपटांचा कौल घेतं. २०१२मध्ये ८४६ जणांनी मतं दिली, तेव्हा 'जान दिल्मान' पहिल्या तीसातही नव्हता आणि पहिल्या शंभरात स्त्री दिग्दर्शकांचे मोजून दोन चित्रपट होते. २०२२मध्ये मासिकाने मतदारयादी रुंदावली, सोळाशेहून जास्त जणांना विचारलं, त्यात बायका वाढल्या, युरोप-अमेरिकेबाहेरचे लोक वाढले. 'जान दिल्मान' पहिला आला. स्त्री दिग्दर्शकांचे चित्रपट दोनाचे अकरा झाले. पटकथाकार-दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. चित्रपट थोरच आहे, पण अशी एकदम पहिल्या क्रमांकावर झेप म्हणजे राजकीय सोयीची फेरमांडणी, असा त्यांचा सूर होता. त्यांच्या म्हणण्यात एक गृहीतक लपलेलं आहे: आधीची यादी जणू आपोआप, कुणाच्याच आवडीनिवडीशिवाय तयार झाली होती. चित्रपट तोच होता, सत्तेचाळीस वर्षांत त्यातली एक फ्रेम बदललेली नव्हती. बदलले ते बघणारे.

आकडे याहून कोरडे आहेत, पण ते बघायला हवेत. कॅलिफोर्नियातल्या यूएससी विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग संस्थेने २०१८मध्ये आदल्या वर्षीच्या शंभर गाजलेल्या चित्रपटांची १९,५५९ परीक्षणं तपासली. त्यातली जवळजवळ ७८ टक्के पुरुषांनी लिहिली होती. श्वेतेतर बायकांच्या वाट्याला चार टक्क्यांच्या आसपास आली. त्याच वर्षी सॅन दिएगो स्टेट विद्यापीठात मार्था लॉझेन यांनी केलेल्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. बायकांनी लिहिलेल्या परीक्षणांपैकी ५१ टक्के परीक्षणं ज्यांत बाई मध्यवर्ती आहे अशा चित्रपटांची होती. पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण ३७ टक्के होतं. म्हणजे चांगलं की वाईट हे ठरण्याआधी, कशावर लिहायचं इथेच फरक पडतो. गुणांचंही तसंच. बाई मध्यवर्ती असलेल्या चित्रपटांना स्त्री समीक्षकांनी सरासरी ७४ टक्के गुण दिले, तर पुरुषांनी ६२.

यावर लगेच म्हणता येईल की हा तर सरळ पक्षपात. शक्य आहे. पण मग पक्षपात नेमका कुणाचा, तेही बघायला हवं. पुरुष मध्यवर्ती असलेल्या चित्रपटांना बायकांनी सरासरी ७३ गुण दिले आणि पुरुषांनी ७०. बायकांचं माप दोन्हीकडे साधारण सारखंच पडलं. घसरण झाली ती पुरुषांच्या मापात, आणि तीही बाईची गोष्ट आली तिथे.

अमेरिकेत यावर उपाय म्हणून जे झालं त्यातला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००६मध्ये तिथल्या काही स्त्री समीक्षकांनी अलायन्स ऑफ विमेन फिल्म जर्नलिस्ट्स ही संघटना काढली. दर आठवड्याला बायकांनी केलेला किंवा बायकांबद्दलचा एक चित्रपट निवडायचा आणि त्यावर एकीऐवजी अनेकींनी लिहायचं, अशी त्यांची रीत. निवड बऱ्याचदा छोट्या स्वतंत्र चित्रपटाची किंवा माहितीपटाची असते, ज्याला एरवी कुणी दोन ओळी दिल्या नसत्या. यातली 'अनेकींनी' ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एकाच चित्रपटावर पाच जणींनी लिहिलं की पाचही जणींचं पटत नाही, हे वाचकाला समोर दिसतं. 'स्त्रीची दृष्टी' नावाची एकसंध वस्तू अस्तित्वात नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे बघायचं तर गोष्ट थेट पहिल्या चित्रपटापासून सुरू होते. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, तेव्हा कुठे बाईची भूमिका बाईला मिळाली. याच कमलाबाई गोखल्यांवर रीना मोहन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'कमलाबाई' हा माहितीपट केला. खोलीत एकटी राहणारी म्हातारी, तिची तल्लख जीभ, जुन्या नाटकांतले उतारे आणि कॅमेऱ्यालाच सुनवायची तयारी. रेखा देशपांडे यांनी भारतीय चित्रपटातल्या स्त्रीचित्रणाचा शतकभराचा पट 'तारामतीचा प्रवास' या पुस्तकात मांडला. मैथिली राव यांनी 'इव्ह्ज वीकली'पासून लिहायला सुरुवात केली आणि पुढे स्मिता पाटीलवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. शोमा चटर्जी, मीनाक्षी शेडे, दीपा गेहलोत यांना समीक्षेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये शुभ्रा गुप्ता तीन दशकांहून अधिक काळ लिहीत आहेत. तेव्हा लिहिणाऱ्या बायका नाहीत, असं कुणी म्हणू नये. मात्र यातलं बहुतेक लेखन इंग्रजीत झालं आहे, ही बोच राहतेच.

बोच यासाठी की ज्यांवर लिहायचं ते चित्रपट मात्र मराठीत बोलतात. दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०मध्ये 'युगांतर' हा चित्रगट काढला. या गटाच्या पहिल्या दोन फिल्म मराठी बायकांच्या होत्या. १९८१ची 'मोलकरीण' पुण्यातल्या घरकामगार बायकांची. त्याच्या आदल्या वर्षी या बायकांनी संप केला होता, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली होती. दुसरी 'तंबाखू चाकिला ऊब आली', १९८२ची, निपाणीच्या तंबाखू कारखान्यांत धुरळ्यात खोकत काम करणाऱ्या बायकांची. या फिल्म बाहेरून येऊन टिपून नेलेल्या नाहीत. ज्यांच्यावर होत्या त्या बायकांशी बोलत, त्यांच्यासोबत राहून त्या घडल्या आणि पुढे वस्त्यांमध्ये, संघटनांच्या बैठकांत दाखवल्या गेल्या. नंतर त्यांच्या प्रिंट खराब होत गेल्या. त्या नीट करून डिजिटल करण्याच्या कामात पुढाकार कुणाचा, तर बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेचा. पुण्याच्या मोलकरणींची फिल्म बर्लिनने जपली, आणि ती बनली त्या शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, यावर टिप्पणी करायची गरज नाही.

'मोलकरीण'नंतर पंचवीसेक वर्षांनी, २००७मध्ये, निष्ठा जैन यांनी 'लक्ष्मी अँड मी' केली. मुंबईत त्यांच्याच घरी काम करणाऱ्या तरुण मुलीवरची ही फिल्म आहे. इथे कॅमेरा मालकिणीच्या हातात आहे आणि ती ते लपवत नाही. तिच्या घरातली फरशी पुसली जाताना ती चित्रण करते, प्रश्न विचारते, अस्वस्थ होते आणि तरीही फरशी पुसली जातेच. या दोन फिल्म एकापाठोपाठ बघाव्यात. पहिलीत बायका एकत्र येऊन पगाराचे आणि सुट्टीचे हिशेब मांडतात. दुसरीत एकटी मुलगी आणि तिची सहानुभूतीने भरलेली मालकीण आहे. मधल्या काळात संघटनेची भाषा विरळ होऊन तिची जागा व्यक्तिगत अपराधभावाने घेतली, असं म्हणता येईल. कुणी याच्या उलटही म्हणेल: अपराधभाव निदान प्रामाणिक तरी आहे, संघटनेच्या फिल्ममध्ये कॅमेऱ्यामागची सुशिक्षित बाई अदृश्यच राहते. हा वाद मराठीत रंगायला हवा होता. तो घालायला दोन्ही फिल्म बघितलेल्या दोन स्त्री समीक्षक आणि एका दैनिकातली थोडी जागा पुरेशी होती.

या वादात स्त्री समीक्षकाचीही पंचाईत होते, आणि ती व्हायलाच हवी. कारण 'लक्ष्मी अँड मी'वर लिहायला ती सकाळी टेबलाशी बसते, तेव्हा तिच्या घरातली भांडी बहुधा दुसरीच कुणी घासत असते. बाई म्हणून मिळणारी माहिती इथे अपुरी पडते; जात आणि वर्ग आडवे येतात. सुमित्रा भावे यांना हे फार आधी उमगलं होतं. त्या मुळात समाजशास्त्राच्या संशोधक. 'स्त्रीवाणी' या पुण्याच्या प्रकल्पात त्यांनी वस्तीतल्या दलित बायकांच्या आत्मकथनांवर काम केलं; त्यातून पुढे 'पॅन ऑन फायर' हे पुस्तक गेल ऑम्व्हेट यांच्या अनुवादात आलं. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या बायका असा अभ्यास वाचणार नव्हत्या. म्हणून १९८५मध्ये 'बाई' ही फिल्म आली, चित्रपट बनवण्याचं कुठलंही रीतसर शिक्षण न घेतलेल्या बाईने केलेली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभ्यास ज्यांचा केला, त्यांच्याकडे तो परत नेणं ही भावेंची कसोटी होती. समीक्षेलाही ती लावून बघायला हरकत नाही.

ही कसोटी अलीकडे एकदा अगदी अनपेक्षितपणे लागली. रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांचा 'रायटिंग विथ फायर' हा बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया' या बायकांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेवरचा माहितीपट. दलित पत्रकार मीरा आणि तिच्या सहकारी हातात मोबाइल घेऊन खाणमाफिया, बलात्कार, निवडणुका यांच्या बातम्या करतात. २०२१मध्ये सनडान्समध्ये त्याला दोन पुरस्कार मिळाले आणि २०२२मध्ये ऑस्करचं नामांकन. पूर्ण लांबीच्या भारतीय माहितीपटाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. जगभर कौतुकाचा पूर आला. आणि ऑस्कर सोहळ्याच्या तोंडावर खुद्द 'खबर लहरिया'ने निवेदन काढलं. फिल्म हलवून टाकणारी आहे हे त्यांनी मान्य केलं, पण त्यांची संस्था एकाच राजकीय पक्षामागे लागल्यासारखी दिसते, हे चित्र अचूक नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. वर्षानुवर्षांच्या कामातला एक तुकडा उचलला की सगळ्याचाच आकार बदलतो, हा त्यांचा आक्षेप.

त्या वर्षात या फिल्मवर जे काही लिहिलं गेलं, त्यातली सगळ्यात नेमकी समीक्षा हीच होती. लिहिणाऱ्या व्यवसायाने पत्रकार होत्या, विषय त्यांच्या रोजच्या कामाचा होता आणि संपादनात काय गाळलं गेलं ते त्यांना ठाऊक होतं. दिग्दर्शकांची बाजूही समजण्यासारखी आहे. कुठल्याही माहितीपटात निवड अटळ असते. पण कौतुकाच्या त्या पुरात हा प्रश्न नावाजलेल्या समीक्षकांनी आधी जोरकसपणे विचारल्याचं आठवत नाही. दलित बायका पडद्यावर शूर दिसल्या की शहरी समीक्षक, बाई असो वा पुरुष, हात जोडून मोकळा होतो. तपासणी तिथेच संपते.

स्त्रियांच्या चित्रपटांना खरा धोका शिव्यांपेक्षा अशा हात जोडण्याचा आहे. शिव्या निदान ओळखू येतात. २०१७मध्ये सेन्सॉर मंडळाने 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला प्रमाणपत्र नाकारताना, ही कथा 'लेडी ओरिएंटेड' आहे आणि त्यात बायकांच्या कल्पनाविलासाला जगण्यापेक्षा वरचं स्थान आहे, अशा अर्थाचं लेखी कारण दिलं. ते हास्यास्पद होतं, त्यावर लढता आलं, चित्रपट त्याच वर्षी लागला. पण 'प्रत्येकाने बघावा असा', 'डोळ्यांत अंजन घालणारा', 'नारीशक्तीला सलाम' या शब्दांशी लढायचं कसं? आठ मार्चच्या पुरवणीत अशा शब्दांचं पीक येतं, आणि नऊ मार्चला त्या चित्रपटाबद्दल वाचकाच्या हाती काहीच उरत नाही.

चिकित्सा म्हणजे काय, हे दाखवायला एक जोडी पुरेशी आहे. जिओ बेबी या पुरुष दिग्दर्शकाचा मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन' जानेवारी २०२१मध्ये 'नीस्ट्रीम' या छोट्याशा ओटीटीवर आला, कारण बड्या मंचांनी त्याला आधी दार उघडलं नव्हतं. तुंबलेलं सिंक, ताटाशेजारी टाकलेल्या शेंगांचा चोथा, गळक्या नळाखाली ठेवलेली बादली. घरकामाची घाण इतक्या निर्विकारपणे भारतीय पडद्यावर क्वचितच आली असेल. २०२५च्या फेब्रुवारीत त्याची हिंदी आवृत्ती आली, 'मिसेस'. दिग्दर्शक आरती कडव, म्हणजे या वेळी बाई. पुरुषहक्कांसाठी भांडणाऱ्या एका संघटनेने त्यावर आगपाखड केली आणि त्यामुळे बहुतेक चर्चा 'बाजूने की विरुद्ध' एवढ्यावरच अडकली. मधल्या मधे एक मोठी गोष्ट निसटली. मूळ चित्रपटात शबरीमला निकालाचा संदर्भ आहे; नवरा व्रतस्थ आहे आणि पाळी आलेल्या बायकोला घरातल्या घरात अस्पृश्य केलं जातं. स्वयंपाकघराची सत्ता धर्माच्या सत्तेशी कशी जोडलेली आहे, हे त्यातून उघडं पडतं. हिंदीत शबरीमलाचा आणि व्रताचा हा धागाच काढून टाकला आहे. राहिला तो वाईट नवरा आणि वाईट सासरा. बाईने केलेली आवृत्ती पुरुषाने केलेल्या आवृत्तीपेक्षा भित्री निघाली, हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, आणि ते स्त्री समीक्षकाने सांगितलं तर त्याला वजन येतं. पुरुषाने सांगितलं की त्याचा हेतू तपासला जातो. तसा तो तपासला जाणं पूर्णपणे अन्याय्य आहे, असंही नाही.

याच न्यायाने जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'कडे बघता येतं. चंद्रपूर जिल्ह्यातलं खेडं, कापसाचा भाव पडलेला बाप, बी.ए. करणारी सविता आणि पाटावर बसवून तिला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे तेच ते प्रश्न: नाव, उंची, शिक्षण, मामेकूळ. २०२३च्या टोरंटो महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५मध्ये तो महाराष्ट्रात लागला. दिग्दर्शक पुरुष, बहुतेक कलाकार गावातले. कांदेपोह्यांचे तेच प्रसंग एकामागून एक बघताना काहींना कंटाळा आला. तो कंटाळा मुद्दाम पेरलेला आहे. ज्यांना प्रत्यक्षात पाटावर बसावं लागलं त्यांना तो नवा नाही. पण एक प्रश्न विचारण्याजोगा होता. वर्गात स्त्री-सक्षमीकरण शिकवणारा प्राध्यापक, कर्जात बुडलेला बाप, तोऱ्यात आलेले पाहुणे हे सगळे पुरुष बोलके आहेत. सविताची आई आणि बाकीच्या बायका मात्र बव्हंशी पोहे-चहाच्या मागे राहतात. पाहण्याच्या कार्यक्रमात सर्वांत निष्ठुर नजर कधीकधी बायकांची असते. ती या चित्रपटात पुरेशी आली का? अर्चना फडके यांच्या 'अबाउट लव्ह'मध्ये, गिरगावातल्या स्वतःच्या घरातल्या तीन पिढ्यांवरच्या माहितीपटात, हे कोडं बरंच गुंतागुंतीचं आहे. घरातल्या बायका राबतात, कुरकुरतात, हसतात आणि मुलीला लग्न कर म्हणून मागेही लागतात. २०१९मध्ये शेफिल्डच्या माहितीपट महोत्सवात या फिल्मला नव्या दिग्दर्शकासाठीचा पुरस्कार मिळाला. गिरगावात तिची चर्चा किती झाली असेल, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

मराठीत बायकांच्या जगण्यावर लिहायची सवय नवी नाही. किर्लोस्करांचं 'स्त्री' १९३०चं, विद्या बाळ यांचं 'मिळून साऱ्याजणी' १९८९चं. अडलं आहे ते दैनिकांच्या पानांवर. तिथे शुक्रवारी जे थिएटरात लागतं त्यावर शनिवार-रविवारी लिहिलं जातं, तारे दिले जातात, आणि माहितीपट शुक्रवारी लागतच नसल्याने तो या रहाटगाडग्यात कधी येत नाही. त्याला प्रसिद्धीप्रमुख नसतो, खास खेळ नसतो, तारांकित मुलाखत नसते. मुंबईचा मिफ हा माहितीपट महोत्सव १९९०पासून भरतो. त्याच्या बातम्या येतात त्या उद्घाटनाच्या आणि पुरस्कारांच्या. मधल्या दिवसांत दाखवलेल्या फिल्मवर कुणी सलग सातशे शब्द लिहिले, असं क्वचितच आढळतं. त्यात लिहिणारी बाई असेल आणि तिने एखाद्या नायकाच्या चित्रपटाला नावं ठेवली असतील, तर तिच्या मतापेक्षा तिच्या दिसण्यावर आणि वयावर जास्त प्रतिक्रिया येतात. मग समीक्षेचा नाद सोडून ती पाककृतीचं सदर लिहायला लागली, तर दोष तिचा नाही.

संपादकांना म्हणून एक विनंती. आठवड्यातून एक दिवस, तारे न देता, स्वतंत्र चित्रपट किंवा माहितीपटावर एक सदर ठेवा. ते चारपाच जणींकडे आळीपाळीने द्या आणि त्या सगळ्या पुण्या-मुंबईच्या नसू द्या. एखादी नर्स असू दे, एखादी ऊसतोडणीच्या पट्ट्यातली शिक्षिका, एखादी निपाणीची. त्यांना मानधन द्या, आणि कौतुकाचे लेख परत पाठवायचा हक्क स्वतःकडे ठेवा. वाचकांना मात्र त्या सदराची वाट बघत बसायची गरज नाही. 'मोलकरीण' आता डिजिटल स्वरूपात पुन्हा बघता येते, आणि ती जेमतेम पंचवीस मिनिटांची आहे.